उंदरांना दुकान नसतं

"अहो फोटोवाले, आत झोपलात की काय?" फोटो काढायला आलेल्या बाईंनी बाहेरून आवाज दिला.

"आलोच! तोवर केस विंचरून घ्या."

"विंचरून झाले. आता पिकायला लागले."

फोटोवाल्यांना उठता येत नव्हतं. डार्करूममध्ये फिल्म धुणं बंद होऊन जमाना झाला होता. आता तिथे ते स्वतः धुतले जात. मूत्रपिंडांनी संप पुकारल्यापासून पोटात बसवलेल्या नळीतून साखरेचं औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी शरीरातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं, असं दिवसातून तीन-चारदा चाले. पिशवी लाइटच्या स्टँडला टांगलेली. या सोयीमुळे दुकान उघडं राहत होतं. पण गेल्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोटाचं अस्तर जाड होत चाललंय, लवकरच हॉस्पिटलातल्या डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल. एक दिवसाआड, अर्धा दिवस. दुकान सांभाळायला दुसरं कोणी नाही. शटर खाली दिसलं की गिऱ्हाईक समोरच्या स्टुडिओत जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

बाईंचा फोटो निघतोय तोच मेहुणा पेपर फडफडवत आला.

"भाऊजी, सुटलात! पोटाचं अस्तर जाड होऊ न देणारी एन्झाइम सापडलीत. इथे छापून आलंय."

फोटोवाल्यांनी बातमी कापून खिशात घातली आणि दुपारीच बायकोला घेऊन हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी बातमी वाचली. "बरोबर आहे, काका. या पाण्यातल्या साखरेमुळे अस्तराला इजा होते. शरीरातली काही एन्झाइम ती निस्तरतात. ती वाढवली तर अस्तर कमी राठ होईल, असं दिसतंय."

"मग वाढवा की!"

"उंदरांत दिसतंय."

"उंदरांत?" फोटोवाले ताडकन उठले. "उंदराला दुकान असतं का? त्याला कुठे शटर उघडायचंय?"

"माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील."

"आणि माझ्या पोटाला?"

डॉक्टरीणबाईंनी उलट विचारलं, "काका, जास्त साखरेच्या पिशव्या किती वापरायचात? त्या मी सूज आली तरच सांगितल्या होत्या."

फोटोवाले भिंतीवरचं पोटाचं चित्र पाहू लागले. चांगलं होतं, पण लायटिंग सपाट.

"चहा झाला की वापरायचे," बायको म्हणाली. "आलेल्या प्रत्येकाबरोबर चहा. मग म्हणायचे, कडक पिशवी लावली की सगळं पाणी ओढून घेते. आजाराला कसं उल्लू बनवलं म्हणून हसायचे."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" फोटोवाले डॉक्टरीणबाईंवर घसरले.

"सांगितलं होतं, काका. दर वेळी."

"नीट ओरडून सांगायचं ना मग!"

घरी येताना ते रस्ताभर चिडचिडत होते. उंदरांवर, मेहुण्यावर, समोरच्या स्टुडिओवर. चहावर मात्र नाही. तेवढी त्यांची हिंमत नव्हती.

शेवटी मशीनवर जायचं ठरलं आणि त्याच्या कार्डासाठी हॉस्पिटलने फोटो मागितला. संध्याकाळी ते आपल्याच स्टुलावर बसले. आजवर नुसते फोटो कापून देणारी बायको कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

"तुम्ही मशीनवर असाल तेव्हा मी बसेन इथे," ती म्हणाली.

"तुला जमणार आहे? डावा लाइट जरा मागे घे. अगं, एवढा नाही! आणि कॅमेरा असा नाही धरायचा, कोपर अंगाशी—"

"अहो, फोटो काढताना बोलू नये. तोंड वाकडं येतं."

तेवढ्यात दारातून कोणी विचारलं, "पासपोर्ट फोटो निघेल का?"

फोटोवाल्यांनी तोंड उघडलं.

"निघेल की. बसा," बायको मागे न बघताच म्हणाली. "एवढं एक गिऱ्हाईक झालं की घेते तुम्हाला."

फोटोवाल्यांनी तोंड मिटलं आणि हनुवटी जराशी वर घेतली.