कालपासून

दवाखान्यात दुखणं आहे तसं सांगायचं नसतं, वाढवून सांगायचं असतं, ही विद्या करडी गावात लहान लेकरालाही येते. ताप आज सकाळी आला म्हटलं की दोन गोळ्या हातावर पडतात आणि पेशंट घरी. तीन दिवसांपासून आहे म्हटलं की डॉक्टर मान वर करून बघतो, आणि नशीब जोरावर असेल तर सलाईनही लागतं. डोमा मेश्राम या विद्येत मुरलेला माणूस. गेल्या साली त्याला दुपारी हगवण लागली, तर त्यानं 'परवापासून' सांगून दोन बाटल्या सलाईन चढवून घेतलं आणि पुढं महिनाभर ते कौतुकानं सांगत फिरला.

म्हणून भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं वच्छलाच्या डोळ्यांत बॅटरी मारत विचारलं, "कधीपासून आहे हे?" तेव्हा डोमाच्या तोंडून अगदी सरावानं निघालं, "कालपासून जी. काल सांजपासून."

डॉक्टरनं ते कागदावर लिहिलं. वच्छलाच्या डोक्याचा फोटो काढला आणि नागपूरला न्या म्हणाला. डोमाला बरंच वाटलं. बायकोचं दुखणं डॉक्टरनं मनावर घेतलं, एवढाच त्यानं त्याचा अर्थ लावला.

खरं तर सगळं त्याच दिवशीचं होतं. शेतात रोवणी लागलेली. डोमा आणि आणखी दोघं वरच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, रोपांचे पऱ्हे उपटून पेंड्या बांधत होते, आणि खाली बायका वाकून रोवत होत्या. वच्छला त्यांच्यात पहिल्या नंबरची. दोरी न लावता तिची ओळ सरळ यायची, आणि रोवताना तिचं बोलणं दोन बांध्यांपलीकडं ऐकू जायचं. चहा होऊन बराच वेळ झाला होता. तेवढ्यात रत्नाबाईची हाक आली. डोमा धावत गेला तर वच्छला चिखलात बसलेली. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात पाण्यात पडला होता. ती डोमाकडं बघत होती आणि बोलत काहीच नव्हती. तिचं ते गप्प राहणं पाहूनच डोमाच्या तोंडचं पाणी पळालं. पुतण्या विनोदनं गाडी काढली आणि ते निघाले.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तीन वाजून गेले. वच्छलाला चाकाच्या खाटेवरून थेट मशीनकडं नेलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. हातात भंडाऱ्याचा कागद होता.

"बाबा, तुमच्या बाईंच्या मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गाठीनं बंद झाली आहे. म्हणून उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांतच द्यायचं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. यांना कालपासून आहे. म्हणजे वीस तास होत आले. इंजेक्शन नाही देता येणार."

डोमा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. साठ वर्षांत असं त्यानं ऐकलं नव्हतं. दुखणं मोठं तर औषध मोठं, हा जगाचा नियम. इथं दुखणं मोठं झालं म्हणून औषधच बंद?

"मंग आता?" त्यानं विचारलं.

"दुसरा उपाय आहे. मांडीच्या नसेतून बारीक तार वर मेंदूपर्यंत न्यायची आणि गाठ ओढून काढायची. पण वीस तासांनंतर तेही सरसकट करत नाहीत. किती मेंदू जिवंत आहे ते आधी बघावं लागतं. आणि सूज वाढत गेली तर कवटीचं हाड काही दिवस काढून ठेवायचं ऑपरेशनही लागू शकतं."

डोमाला काही कळेना. रोग डोक्यात, तार मांडीतून, आणि हाड काढून ठेवायचं म्हणजे कुठं ठेवायचं? त्यानं विनोदकडं पाहिलं. विनोदही खांबासारखा उभा होता.

डॉक्टरीण जायला वळली आणि थांबली. "मला एक गोष्ट पटत नाही, बाबा. वीस तासांचा मेंदू फोटोत काळवंडलेला दिसतो. यांचा अजून चांगला दिसतोय. नक्की कालपासूनच ना?"

इथं डोमानं खरं बोलून मोकळं व्हायला हवं होतं. पण कागदावर लिहिलं गेलं होतं, आणि आता शब्द फिरवला तर हे लोक आपल्याला लबाड म्हणतील, वच्छलाला बाहेर काढतील, अशी त्याला भीती वाटली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो नुसता मान हलवत राहिला, आणि ती मान हो म्हणत होती की नाही हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

विनोदला मात्र राहवेना. "मोठेबाबा, काहून असे करून राहिले? मोठी आई तं आज दुपारी पडली ना."

"हव," डोमा म्हणाला. "म्याडम, मी लबाड बोललो. मले वाटलं, जास्त सांगतलं तं लवकर पाहतीन. चूक झाली माही. द्या ते इंजेक्शन."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर डोमाला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आता मी यातलं कोणतं खरं मानू? वेळ चुकली तर याच इंजेक्शननं त्या जातील. त्यांना धडधाकट शेवटचं कोणी पाहिलं आणि किती वाजता, ते मला पक्कं सांगा."

किती वाजता? रोवणीत घड्याळ कोण बघतं? आणि शेवटचं पाहिलं कधी? सकाळी भाकरी थापताना? बांधीत उतरताना? डोमा आठवायला लागला आणि नको ते आठवलं. काल संध्याकाळी जेवताना वच्छलाच्या हातातून पाण्याचा गिलास पडला होता. ती क्षणभर आपल्या हाताकडंच बघत राहिली. मग काही न बोलता तिनं फडक्यानं पाणी टिपलं. डोमा समोरच बसला होता. त्यानं गिलास पडताना पाहिला आणि पुढचा घास घेतला.

मग हे कालचंच होतं का? आपण खोटं म्हणून जे सांगितलं तेच खरं? आणि खरं म्हणून आत्ता जे कबूल केलं ते खोटं? त्याच्या डोक्यात नुसता चिखल झाला. गिलासाचं सांगावं तर इंजेक्शन जातं. न सांगावं तर कदाचित बायकोच जाते. "म्याडम..." असं म्हणून तो थांबला.

तेवढ्यात विनोदनं रत्नाबाईला फोन लावून, स्पीकर चालू करून त्याच्या हातात दिला होता. रत्नाबाई वच्छलाच्या शेजारी रोवणारी, बचत गटाची अध्यक्ष. गटातला पहिला मोठा मोबाईल तिचाच. ती अजून बांधीच्या कडेला धुऱ्यावरच बसून होती.

"कशी हाय वच्छला?" तिनं आधी विचारलं.

"ते सांगतो. वच्छला चांगली कवापरेंत होती, सांग."

"चांगली म्हंजे? चाय पेली, हासली, मले म्हने तुही ओळ वाकडी येऊन राहिली. मंग तिसऱ्या बांधीत उतरलो. तिथंबी चार पेंड्या रोवल्या तिनं. मंग तिचे पऱ्हे पान्यावर तरंगाले लागले. मी म्हनलं, का वो, दाबून काहून नाही लावत? तं बोलेच ना."

"किती वाजले होते?" डॉक्टरिणीनं फोनजवळ येऊन विचारलं.

"चायच्या बादमधी, म्याडम."

"चहा किती वाजता झाला?"

"चाय आली तवा झाला."

डॉक्टरिणीनं डोळे मिटून उघडले. डोमा मात्र एकदम ताठ झाला. "रत्ना, त्या तिसऱ्या बांधीचा फोटो धाड. वच्छलाच्या जाग्याचा. आताच धाड."

फोटो आला. विनोदनं मोबाईल आडवा धरला. गढूळ पाण्यात वच्छलाचा पट्टा वेगळा ओळखू येत होता. धुऱ्यापासून निघालेल्या ओळी सरळ, दोन रोपांत सारखं अंतर, प्रत्येक रोप उभं. हातभर पुढं ओळी उजवीकडं कलल्या होत्या, आणि त्यापुढं रोपं चिखलात खोचलेलीच नव्हती, पाण्यावर आडवी पडली होती. चाळीस वर्षं डोमानं बायकोच्या ओळी पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदा त्या पाहून त्याला रडू आलं, आणि तो रडलाही.

"म्याडम, हे पाहा," डोळे पुसत तो म्हणाला. "रोवाचं काम उजव्या हाताचं. इथवर तिचा हात साबूत होता. आन या बांधीत पेंड्या मी टाकल्या. त्याच्या आधी इथं एक काडीबी नव्हती. मी कावड खांद्यावर घेऊन धुऱ्यावर उभा होतो, तवा भावनाचा फोन आला. पोरीचा. तिले मी सांगतलं, फोन ठेव, तिसऱ्या बांधीत पेंड्या टाकाच्या हायेत. विनोद, माह्या मोबाईलमधी पाह्य बरं, तिचा फोन किती वाजता आला होता."

विनोदनं डोमाच्या खिशातून बटनाचा मोबाईल काढला. आलेले फोन उघडले. "अकरा वाजून चौदा मिनिटं."

डॉक्टरिणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. तिनं फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला. "अकरा चौदाला ही बांधी रिकामी होती. म्हणजे या सरळ ओळी त्यानंतरच्या. साडेचार तास भरायला बावीस मिनिटं आहेत." पुढं ती डोमाशी बोललीच नाही. आत पळत गेली आणि पळता पळताच कुणाला तरी औषध काढायला सांगितलं.

मग कागद आले. डोमानं सही केली. इंजेक्शनचा धोका, तारेचा धोका, भूल देण्याचा धोका, एकेक कोणीतरी भराभर समजावत होतं आणि तो 'हव जी, हव जी' म्हणत होता. गिलासाचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं की त्यानं राहू दिलं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

साडेतीनच्या आत इंजेक्शन सुरू झालं आणि लगेच तिला तारेच्या खोलीत नेलं. साडेपाचच्या सुमारास डॉक्टरीण बाहेर आली. हातातल्या पांढऱ्या कापडावर काळपट लाल काहीतरी होतं, तांदळाच्या कणीएवढं.

"हीच ती गाठ," ती म्हणाली. "रक्त पुन्हा वाहू लागलं आहे. हाड काढायची वेळ बहुतेक येणार नाही."

डोमा त्या कणीकडं बघत राहिला. एवढ्याशा कणीनं दोन बांध्यांपलीकडं जाणारा आवाज अडवला, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

तिसऱ्या दिवशी वच्छलाचं तोंड बरंचसं सरळ झालं. हातात जोर कमी होता, पण बोटं मिटत होती. शब्द एकेक करून, अडखळत परत येत होते. भावना सासरहून येऊन उशाशी बसली होती. राउंडला आलेल्या डॉक्टरिणीनं वच्छलाला विचारलं, "आधी कधी असं झालं होतं का? हाताला मुंग्या, बधिरपणा?"

डोमा खिडकीबाहेर बघायला लागला.

"झालं होतं," वच्छला म्हणाली. "आदल्या... सांजले. जेवताना. हातच नाही, असं वाटलं. गिलास पडला. घडीभरानं... चांगला झाला."

डोमा उठून हात जोडून उभा राहिला. "म्याडम, मले मालूम होतं. मी पाह्यला होता गिलास पडताना. तुमाले सांगतलं नाही. चुकीच्या टायमावर इंजेक्शन देवाले लावलं का मी?"

"नाही," ती म्हणाली. "ते येऊन पूर्ण गेलं होतं. सकाळी हात चांगला होता, हे तुमच्या फोटोतच दिसलं. घड्याळ तिथूनच धरतात, इंजेक्शन बरोबरच होतं. पण गिलास पडला तो इशारा होता, बाबा. त्याच वेळी आला असता तर कदाचित हे सगळं टळलं असतं."

ती पुढच्या खाटेकडं गेली. डोमा उभाच राहिला. म्हणजे 'कालपासून' हे खरंच होतं. फक्त ते काल सांगायचं होतं.

वच्छला त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही, पण नजर हलवत नव्हती. "तुमी पाह्यला होता ना गिलास," ती म्हणाली. "मी वाट पाहून राहिली होती. तुमी विचारान म्हनून. विचारलं असतं... तं सांगतलं असतं."

तिच्या पायावरची चादर नीट होती, तरी डोमानं ती पुन्हा नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावनानं चहा आणला. वच्छलानं हट्टानं उजव्या हातात गिलास धरला, ओठांपर्यंत नेला आणि चटकन खाली ठेवला. थोडा चहा चादरीवर सांडला.

डोमा खुर्चीवरून उडालाच. "काय झालं? हात गेला का? मुंग्या आल्या का? बोल ना वो."

"चाय गरम हाय," वच्छला म्हणाली.

भावना हसली. वच्छलाही वाकड्या ओठानं हसली. डोमा हळूच खाली बसला. पण गिलास खाली ठेवला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, हे त्यानं मोबाईलवर पाहून ठेवलं होतं.