धुतलेल्या कागदाची साक्ष

मी एक कागद आहे. पुढे जे सांगतो, ते मला खरंच आठवतं की मागाहून कानावर पडलं, याची खात्री देता येत नाही. माझ्यावरची शाई केव्हाच धुऊन टाकली आहे.

तुतीच्या सालीतून माझा जन्म झाला. राजाचे इतिहासलेखक ग्वाक यून-जिप यांनी मला राजधानी हानयांगमधल्या आपल्या घरी आणलं. दरबारात पाहिलेलं ते घरी बसून लिहीत. तो मजकूर वाचायची मुभा खुद्द राजालाही नव्हती. दुष्काळाच्या वर्षी त्यांनी माझ्यावर लिहिलं: ‘मंत्री प्योन यांनी धान्याचं कोठार उघडू दिलं नाही. वेशीबाहेर माणसं मेली.’ लिहिताना त्यांचा हात थांबला होता. निदान मला तसं वाटतं.

राजा वारला, की त्याच्या काळाचा इतिहास रचायला कचेरी बसते आणि घरोघरची टिपणं मागवली जातात. आमचा राजा वारला, तेव्हा कचेरीचे प्रमुख नेमले गेले प्योनच. काय ठेवायचं, काय गाळायचं, यावर शेवटचा हात त्यांचा.

त्यांनी मला दोनदा वाचलं.

“ग्वाक, कोठार मीच बंद ठेवलं?”

“किल्ली आपल्याच कमरेला होती, साहेब.”

“मला ताप होता तेव्हा.”

“असेल. पण त्याच आठवड्यात आपण मेजवानीला आला होता. दोनदा भात मागून घेतलात.”

कचेरीतल्या कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. प्योन हसले नाहीत.

“माझ्या नातवांनी हे वाचावं?”

“त्यांना कोण वाचू देतंय? राजालाही मिळत नाही.”

“मग लिहिता कुणासाठी?”

महिन्याभरात ग्वाक यांची दक्षिणेकडच्या एका बेटावर रवानगी झाली. कारण भलतंच सांगितलं गेलं. माझी ओळ गेली, हे मी तेव्हाच धरून चाललो.

ग्रंथ छापून झाला. रिवाजाप्रमाणे आम्हा टिपणांना शहराबाहेरच्या ओढ्यात धुतलं. काठावर लेखकमंडळी दारू पीत होती. पाणी काळं झालं आणि मी कोरा झालो. लगद्यातून पुन्हा कागद झालो. डोंगरावरच्या ग्रंथागारात त्याच इतिहासाच्या खंडांभोवती मला गुंडाळलं. ओळ एका वितीवर होती की नव्हती, हे मला कळेना.

मग एका कोरड्या शरदात राजधानीचे अधिकारी ग्रंथांना वारा द्यायला आले. मला सोडून बाजूला ठेवलं. एक जण पानं उलटता उलटता पुटपुटू लागला.

“अहो, वाळवायला आलोय आपण, वाचायला नाही!” दुसरा ओरडला.

“डोळे मिटून पानं उलटू काय?” म्हणत तो पुटपुटतच राहिला. कोठार, वेस, मेलेली माणसं. शब्द न् शब्द तोच.

ग्वाक त्याआधीच बेटावर वारले होते. त्यांना हे कुणी सांगितलं नसणार.

शेवटच्या पानावर इतिहास रचणाऱ्यांची नावं होती. तीही त्याने वाचली. पहिलं नाव प्योन यांचं होतं.