पोहोचल्याची नोंद

फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या घरसेवेच्या परिचारिका जे यंत्र खिशात घेऊन फिरत, त्यात साइमाचं काम होतं. म्हाताऱ्यांनी मनगटावरचं बटण दाबलं की निरोप घेणारं अ‍ॅप जुन्या प्रणालीसाठी लिहिलेलं. ते लिहिणारे कधीच पांगले होते. नव्या यंत्रांची प्रणाली वेगळी होती. साइमानं मधे एक थर लिहिला, आणि जुनं अ‍ॅप त्या थराच्या आत, आपण जुन्याच घरी आहोत अशा समजुतीत चालू लागलं.

तीन आठवड्यांपूर्वी चौऱ्याऐंशी वर्षांचे वेइक्को न्हाणीघरात पडले. त्यांनी बटण दाबलं, पण चार तास कोणी आलं नाही. खुबा मोडून ते आता इस्पितळात होते. नोंदीत निरोप ‘पोहोचला’ असं होतं, म्हणून दोष त्या दिवशीच्या परिचारिकेवर, पिर्क्कोवर आला. तिला कामावर ठेवायचं की नाही, हे आज दोन वाजता ठरणार होतं.

साइमा सकाळपासून तसलंच एक बटण दाबत होती. टेबलावरचं यंत्र दर वेळी वाजत होतं. एकशे सहा वेळा.

तिचा वरिष्ठ यौको दारात आला. “गुरुवार आहे, खाली कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप असतं. संपलं तर मला बोलू नकोस.”

तिनं केबल काढली आणि यंत्र खिशात टाकलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. त्या केबलमधूनच नोंदी संगणकावर येत, त्यामुळे सगळेजण यंत्र जोडूनच तपासत.

सूप झालं, मुरंबा लावलेलं धिरडं झालं. यौको स्कीच्या वाटेबद्दल सांगत होता. तिनं टेबलाखाली बटण दाबलं. खिसा गप्प होता. तिनं पुन्हा दाबलं.

“मीठ कमी आहे का?” यौकोनं विचारलं.

वर जाऊन तिनं केबल लावली. दोन्ही निरोप लागोपाठ वाजले. बॅटरी वाचवायला नवी प्रणाली गप्प बसलेल्या अ‍ॅपला झोपवत होती. केबल लावून चार्जिंग चालू असताना मात्र कधीच नाही. निरोप तिचा थर घेत होता आणि ‘पोहोचला’ लिहून मोकळा होत होता.

हे ऐकून यौको म्हणाला, आज नको, नीट तपासून पुढच्या आठवड्यात सांगू.

“सत्तर यंत्रं आत्ता खिशांत आहेत,” साइमा म्हणाली.

तो परिचारिकांना कळवायला फोनकडे वळला.

दोन वाजता बैठकीत तिनं सगळं क्रमानं सांगितलं. पिर्क्को कामाच्याच कपड्यांत बसली होती.

“म्हणजे ते वाजलंच नव्हतं?”

“नाही.”

“मी कान तपासून आले, गं. ठणठणीत आहेत म्हणाले. तरी विश्वास बसेना.”

आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं साइमाला वाटलं. बुटातली बोटं गार पडली होती, तेवढं फक्त कळत होतं. घरसेवेच्या प्रमुखबाईंनी विचारलं, कारणाच्या रकान्यात काय लिहू?

साइमानं आपलं नाव सांगितलं. तिथलं आधीचं पिर्क्कोचं नाव खोडलं जाईपर्यंत ती कागदाकडे पाहत राहिली.