योगराजच्या नावची मूठ

“काका, फक्त गोड आठवणी सांगायच्या हां. पाच मिनिट. बीजुं कांई नै,” योगेंद्र म्हणाला. निमंत्रणपत्रिका त्याने भाईदासच्या हातात दिली नाही. खाटेच्या कडेवर ठेवली आणि बोटाने थोडी पुढे सरकवली. “पप्पांची एकसष्ठी एकदाच येते ने? समाजाचे सगळे मोठे लोक येणार. पप्पा बोलले, माझा सगळ्यात जुना दोस्त बोलला पाहिजे.”

“दोस्त म्हणाला?”

“हा ने.”

जमिनीवर प्रमिलाबाई सुपात गहू निवडत बसल्या होत्या. कानबाईला अकरा दिवस राहिले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण सुपाचा आवाज थांबला.

“येईन,” भाईदास म्हणाला. “गोडच सांगेन. कडू एक अक्षर निघालं तर माइक बंद कर.”

योगेंद्रच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. वाकून पाया पडावं की नाही, याचा त्याने क्षणभर विचार केला आणि ‘नाही’ या निर्णयाला येऊन तो जिना उतरला. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

“कसाले हो म्हना?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“बारा वर्षांनी त्याने स्वतः बोलावलं. मी मागून घेतलं नाही.”

“तिथं तमाशा करशात तुम्ही.”

“नाही करणार. तमाशा त्याने केला. मी आठवणी सांगणार.”

प्रमिलाबाई पुन्हा गहू निवडू लागल्या. त्या गव्हात योगेंद्रच्या बापाचा, योगराजचाही वाटा होता, आणि घरातली सगळ्यात जुनी ठसठस हीच होती.

खानदेशातल्या घरांत कानबाईचा रोट करताना कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात. त्या पिठाचा रोट दुधाबरोबर कुळातल्यांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, उरला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही आपणच संपवायचा. एक्याण्णव साली प्रमिलाबाई लग्न होऊन बमरोलीतल्या एका खोलीच्या संसारात आल्या, तेव्हा सुरतेत कुळातले पुरुष दोनच होते: नवरा भाईदास आणि त्याचा धाकटा भाऊ नितीन. दोन मुठींचा रोट तव्यावर दिसायचाही नाही. खोलीत तिसरा राहत होता योगराज, दुसऱ्या गावचा, दुसऱ्या आडनावाचा, पण भाईदासबरोबर एकाच गाडीने सुरतेत उतरलेला. प्रमिलाबाईंनी कुणाला न विचारता तिसरी मूठ घेतली. योगराज रोट खाताना रडला होता. रडणं त्याला नेहमीच सोपं जात आलं. समाजाचं पुढारीपण पुढे त्याच्याकडे चालून आलं, त्यात या गुणाचा वाटा थोडा नव्हता.

बावीस वर्षं त्याने तो रोट खाल्ला. मग एका दुपारी, तिघे कामाला होते त्या कारखान्यात, नितीनला यंत्रमागावर विजेचा धक्का बसला आणि तो जागीच गेला. मागाला अर्थिंगची तार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं; हजेरीच्या वहीत नितीनचं नाव नव्हतं, हेही प्रत्येकाला माहीत होतं, कारण निम्म्या कारागिरांची नावं त्या वहीत नसतातच. शेडचा सुपरवायझर योगराज. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला. जबाब गुजरातीत होता. भाईदासने तो तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला, आणि तिघांनी त्याचा एकच अर्थ सांगितला: सदर मयत इसमास मी ओळखत नाही. तो आमच्या कारखान्यात कामास नव्हता.

शेठने कदाचित पढवलं असेल. कदाचित नोकरीची भीती असेल. माणसं अशा वेळी अशी का वागतात, याची कारणं पुष्कळ ग्रंथांत सापडतील, आणि त्यांतलं एकही भाईदासच्या उपयोगाचं नव्हतं. दीड वर्षाच्या आत योगराजने स्वतःचे आठ माग टाकले. नितीनची बायको दुसऱ्या वर्षी कावीळ होऊन गेली. मागे राहिलेल्या मुलीला, मयुरीला, भाईदासने आपली म्हणून वाढवली. तिचा बाप कुठेही कामाला नव्हता. कागद तसं म्हणत होता.

आणि कानबाईची रीत अशी की मेलेल्याच्या नावची मूठ बंद होते. नितीनची बंद झाली. योगराजची चालू राहिली. “देवीपुढे घेयेल नाव माणूस जित्ता शे तोवर काढता येस नही,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि त्या एका बाबतीत त्यांनी नवऱ्याचं काही चालू दिलं नाही. बारा श्रावण दोन मुठींचा रोट होत आला. बारा श्रावण आपला वाटा संपवून भाईदास शत्रूचाही वाटा खात आला.

*

पर्वत पाटियाजवळच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी साडेदहाला सनई सुरू होती. स्टेजवर योगराज फेटा बांधून खुर्चीत बसला होता. खुर्चीला सिंहाची तोंडं होती. आठापैकी सहा वक्ते ‘कष्टातून वर आलेला’ म्हणाले, तिघांनी ‘मातीशी नाळ’ म्हटलं, आणि एकाने दोन्ही म्हणून उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली. समोर पुढच्या रांगांत कापडवाले व्यापारी होते. मागे, पंख्याखाली जागा न मिळालेले, भेस्तान-बमरोलीचे जुने कारागीर बसले होते. जेवणाआधी भाषणं असतात, हे त्यांना ठाऊक होतं.

भाईदासने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. शेजारी मयुरी.

“बडे पप्पा, चिठ्ठी लिहिली आहे का?”

“नाही लागणार.”

योगेंद्रने नाव पुकारलं. भाईदास स्टेजवर गेला, योगराजला त्याने हात जोडले आणि माइकसमोर उभा राहिला.

“मला गोड आठवणी सांगायला सांगितलंय,” तो म्हणाला. “तेवढ्याच सांगतो. बमरोलीत आम्ही एका खोलीत राहायचो. मी, हे योगराजभाऊ आणि तिसरा एक जण.”

योगराज हसत होता. ते हसू तसंच राहिलं. फक्त त्या हसण्यामागचा माणूस सावध झाला.

“लाइट बंदचा वार असायचा. त्या दिवशी सगळ्या गल्लीतले माग बंद. आता तुम्ही म्हणाल, मस्त झोप लागत असेल. आम्हाला झोपच यायची नाही. कानाला मागांच्या खटखटीची सवय. शांततेत योगराजभाऊ तर उठून बसायचे, म्हणायचे, भाईदास, कान फुटला का रे मन्हा?”

मागच्या रांगांतून हशा आला. हे फक्त त्यांनाच कळण्यासारखं होतं.

“मग तो तिसरा ताट पालथं घालायचा आणि चमच्याने मागासारखा ठेका धरायचा. खट-खटाक, खट-खटाक. योगराजभाऊ आधी झोपायचे. मग मी. तो शेवटी.”

पुढच्या रांगेतल्या एका व्यापाऱ्याने टाळी वाजवली.

“सुट्टीच्या सकाळी लोचोची एक प्लेट घ्यायचो. वरची शेव कुणी खायची, यावर भांडण. तिसरा धाकटा, म्हणून शेव त्याची, असा यांनीच न्याय केला होता. खोटं असेल तर सांगा, भाऊ.”

योगराजने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे ठरवणं कठीण होतं.

“थंडीत गच्चीवर भरीत. तुरीच्या काड्या सुरतेत कुठून येणार? कारखान्यातले तुटके धोटे जाळायचो. धोट्याच्या लाकडाचा विस्तव लई जोरात. वांगी भाजायचा तिसरा, सोलायचे योगराजभाऊ. यांची बोटं पोळायची, तर तिसरा फुंकर घालायचा आणि म्हणायचा, दादा, तुम्ही शेठ व्हशात, तुमना हात मऊ शेत.”

आता हशा थोडा कमी आला. जुन्या माणसांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली होती. तिसरा कोण, हे त्यांच्यातल्या अनेकांना आठवलं होतं, आणि वक्ता त्याचं नाव का घेत नाही, हेही.

“यांच्या घरी मुलगा झाला. बारशाच्या पाळण्याची दोरी तिसऱ्याने स्वतः वळली. लाल-पिवळ्या सुताची, आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून. त्या पाळण्यातला मुलगा आज हा बाजूला उभा आहे.”

योगेंद्र गोड हसला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. ती दोरी आईने कपाटात जपून ठेवली आहे, एवढंच त्याला आठवलं, आणि शेजारच्याला तो ते कौतुकाने सांगूही लागला.

“भाऊ, पाच मिनिटं झाली असतील,” योगराज बसल्या जागेवरून हलकेच म्हणाला.

“संपलंच. एक गंमत दाखवतो. शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग आम्ही हाताने बोलायचो. प्रत्येकाची एक खूण. माझी ही.” त्याने सदऱ्याच्या खिशावर दोनदा बोटं आपटली. “खिशात कंगवा असायचा म्हणून. योगराजभाऊंची ही.” त्याने मिशीला पीळ दिला. हॉल हसला, योगराजही सुटल्यासारखा हसला आणि त्याने तीच खूण परत करून दाखवली. टाळ्या पडल्या. फोन वर झाले. लोक चित्रण करू लागले.

भाईदास माइकपासून बाजूला झाला, थेट योगराजसमोर. चार पावलांवर. त्याने योगराजच्या डोळ्यांत बघितलं, डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून दोनदा ओढली आणि तळहात उताणा केला.

नितीनच्या कानात बाळी होती. नवसाचा मुलगा. ती खूण म्हणजे: नितीन कुठे आहे?

वीस वर्षं रोज दहा-दहा वेळा विचारलेल्या प्रश्नाला हाताकडे एक उत्तर असतं, आणि हात पढवलेला जबाब वाचत नाही. योगराजचा उजवा हात वर आला. अंगठा खांद्यावरून मागे वळला.

मागच्या ओळीतल्या मागावर.

सनईची ध्वनिफीत कुणीतरी बंद केली असावी. मागच्या रांगांतला एक म्हातारा कारागीर उठून उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. पुढच्या रांगेतले व्यापारी आपण काय चुकवलं, ते शोधायला मागे वळून बघू लागले. योगराजचा अंगठा खांद्याजवळ तसाच होता. त्याला तो दिसला, आणि त्याने दुसऱ्या हाताने तो हळूच खाली आणला, एखादी परकी वस्तू उचलून ठेवावी तसा.

“आठवणी गोडच होत्या,” भाईदास माइकवर म्हणाला. “जय कानबाई.”

जेवायला तो थांबला नाही. मागच्या रांगांतले निम्मे थांबले नाहीत. रिक्षात मयुरीने विचारलं, “बडे पप्पा, वो अंगूठा… म्हणजे काय?”

“मागच्या ओळीत, असा अर्थ. तुझा बाप तिथं कामाला होता, असं म्हणाला तो. एवढ्या माणसांसमोर.”

 मयुरीने आपल्या कानाची पाळी चिमटीत धरून बघितली.

*

बुधवारी दळणासाठी धान्य घेताना प्रमिलाबाईंनी पहिली मूठ घातली, वर पाव घातली. भाईदास समोर बसला होता. त्यांनी पुन्हा डब्यात हात घातला.

“आता तरी नको.”

“तो मरना का?”

“माझ्यापुरता मेला.”

“तुमनापुरता मरीसन चालस नही,” त्या म्हणाल्या, आणि दुसरी सव्वा मूठ सुपात पडली.

रविवारी कानबाई बसली. पूजा झाली, रोट वाढायला घेतला, आणि उघड्या दारात योगराज उभा राहिला. फेटा नव्हता. चपला त्याने जिन्यातच काढल्या होत्या. गेल्या आठवडाभरात समाजाच्या तीन बैठकांना त्याला बोलावणं गेलं नव्हतं, हे भाईदासला कापड मार्केटच्या फाटकावर राखणदारी करताना आपोआप कळलं होतं, आणि प्रत्येक बातमीची त्याने पान खाल्ल्यासारखी चव घेतली होती.

“वहिनी,” योगराज म्हणाला, “मन्ही मूठ शे ना?”

“शे,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

भाईदासने मयुरीकडे बघितलं. हे वाक्य त्याने बारा वर्षं घोटून ठेवलं होतं. ते उच्चारायला घाई करण्याचं कारण नव्हतं.

“मयुरी, त्यांना सांग, घर चुकलं असेल. सदर इसमास मी ओळखत नाही.”

योगराज रडला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहून त्याने भाईदासकडे बघितलं आणि आपल्या छातीवर, जिथे खिसा असतो तिथे, दोनदा बोटं आपटली.

भाईदासचा हात मांडीवरून उचलला गेला. बोटभर. त्याने तो लगेच मांडीखाली घातला आणि त्यावर घट्ट बसून राहिला, जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत.

प्रमिलाबाईंनी दुसरा वाटा ताटात वाढला. मयुरी म्हणाली, “मला त्यांचा नको.” मग त्यांनी ते ताट नवऱ्यापुढे सरकवलं आणि त्या आत गेल्या. दूध पहिल्या वाट्यालाच संपलं होतं. मांडीखालच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तो मोकळा करून भाईदासने कोरड्या रोटाचा तुकडा मोडला आणि तो चावायला लागला.