कपाळावरचा हात

"तू हात धर ना, माझी ताई!"

पिटुकलीने न्हाणीघरात भोकांड पसरलं. साबणाचं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून न्हाणीवाली रोज तिच्या कपाळावर आडवा हात धरायची. आज धरला नाही.

"गप! डोळे मीट. बाकीची नाही मिटत?" तिने मगभर पाणी ओतलं. डोळे चुरचुरल्यावर पोर आणखीच किंचाळलं.

सकाळीच स्वयंपाकघरातल्या थोरलीने न्हाणीवालीला कोपऱ्यात घेतलं होतं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ती पोरगी तुला 'माझी' म्हणते. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तुझ्याकडे धावली, तर डोंगरापलीकडच्या घरात टाकतील तिला. तिथून परत आलेलं एक तरी पोर पाहिलंस?"

"मग काय करू गं?"

"हात काढ. विसरेल."

माणसं आपलं-परकं करतात म्हणून लढाया होतात, असं मागच्या युद्धानंतर सरकारने ठरवून टाकलं. तेव्हापासून जन्मलेलं प्रत्येक मूल आईच्या हाती न देता थेट संगोपनगृहात यायचं. तिथल्या सगळ्या बायकांना एकसारखे करडे झगे, तोंडाला फडकी आणि नाव एकच, ताई. न्हाणीवाली स्वतःही अशाच घरात वाढली होती. आईवाचून आपलं काही अडलं नाही, हे ती ठासून सांगायची. कपाळावर हात धरायला तिला कोणी शिकवलं, ते मात्र तिला आठवत नव्हतं.

तिने आठवडाभर हात धरला नाही. पोर हाका मारी, ही ढिम्म. शेवटी शेवटी पिटुकली रडायचीही थांबली. थोरली म्हणाली, "बघ, झालं ना?" न्हाणीवालीने मान डोलावली आणि त्या रात्री आपलं ताट तसंच परत केलं.

तपासणीच्या दिवशी सगळ्या बायका भिंतीशी ओळीत उभ्या राहिल्या. मुलांना मध्ये आणलं आणि तपासनीस बाईंनी खूण करताच मागे कोणीतरी पत्र्यावर दांडा हाणला. घाबरलेलं पोर कुणाकडे धावतं, तेवढंच त्यांना पाहायचं होतं. मुलं सैरावैरा पळाली, एकमेकांवर आदळली. पिटुकली दचकून ओळीकडे वळली. तिची नजर बायकांच्या हातांवरून फिरत न्हाणीवालीच्या हातांवर येऊन थांबली. न्हाणीवाली मनात म्हणत होती, नको येऊस गं बाई, नको येऊस.

पिटुकली आली नाही. तिथेच खाली बसली आणि तिने गुडघ्यांत डोकं घातलं.

"छान," तपासनीस बाई म्हणाल्या. "हिची काही अडचण नाही."

न्हाणीवालीला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच तिला संताप आला. पोरगी वाचली होती. तिने आपल्याला ओळखलं होतं की नाही, हे आता कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी अंघोळीला पिटुकलीची पाळी आली. न्हाणीघरात दुसरं मोठं माणूस नव्हतं. न्हाणीवालीने साबण लावला आणि न राहवून तिच्या कपाळाकडे हात नेला. पोरगी मागे सरली.

"माझं मी करते, ताई."

तिने स्वतःचाच पंजा कपाळावर आडवा धरला. पंजा एवढासा, धड कपाळालाही पुरेना. साबणाचं पाणी बोटांमधून ओघळून डोळ्यांत गेलं. ती रडली नाही, नुसते डोळे गच्च मिटून उभी राहिली.

न्हाणीवालीने पुढचा मग जरा हळू ओतला.