ब्रिस्टलचं एकतिसावं मत

"श्यामला, कुणाचाही डबा रिकामा परत करू नकोस. आणि आत काय ठेवलंयस ते देताना तोंडानं सांग. नुसता डबा हातात कोंबून येऊ नकोस."

सासूबाईंनी एडिनबराला निघालेल्या सुनेला हे बजावलं आणि सुनेनं वाकून कबूल केलं, तेव्हा मी दोघींच्या मध्ये जमिनीवर होतो. मित्रांनो, तो डबा मीच. स्टीलचा, कडीचा, पोटावर 'सौ. श्यामला' असं टोचून लिहिलेला. माझ्या बालपणाच्या गोड आठवणी ऐकायला बसला असाल तर उठा. मी आज रागात आहे.

पंधरा वर्षं मी चकल्या सांभाळल्या. शेजारीपाजारी गेलो, परत आलो, कधी रिकामा आलो नाही. मग एडिनबरा, ब्रिस्टल आणि लंडनलगतच्या क्रॉयडनच्या मराठी मंडळांनी मिळून एक महामंडळ काढलं आणि माझं नशीब फिरलं. अध्यक्ष निवडण्यासाठी आधी गावोगाव प्राथमिक फेरी घ्यायची, तीनपैकी दोन गावं जिंकेल तो अध्यक्ष, असं ठरलं. चिठ्ठ्यांवरून पहिल्याच वर्षी भांडण झालं. आजोबांना इंग्रजी चिठ्ठी नको, इथं जन्मलेल्या मुलांना देवनागरी वाचता येईना. शेवटी तोडगा निघाला. एका उमेदवाराचं हळकुंड, दुसऱ्याची सुपारी. पडद्यामागं जायचं आणि हवं ते श्यामलाबाईंच्या डब्यात, म्हणजे माझ्यात, टाकायचं. ब्रिस्टलच्या एका एंजिनियरनं ग्राइंडरनं माझ्या झाकणाला फट पाडली. मला कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून या लोकांना मी आतून ओळखतो. एडिनबरा हळूच मत टाकतं आणि एडिनबराच्याच माणसाला टाकतं. क्रॉयडन ट्रेनमधून उतरून घोळक्यानं येतं, खडाखड टाकतं आणि क्रॉयडनच्याच माणसाला टाकतं. उमेदवार काय बोलला, ते दोन्हीकडे कुणी ऐकत नाही. राहतं ब्रिस्टल. ते पडद्यामागं उभं राहून विचार करतं, म्हणून दोन्ही गावं ब्रिस्टलला लाडीगोडी लावतात आणि पाठ फिरली की शिव्या देतात. अध्यक्ष खरं तर ब्रिस्टलच ठरवतं.

यंदा हळकुंड होतं देवयानीचं. ती एडिनबराच्या हॉस्पिटलात डॉक्टर. सुपारी विनयची, तो क्रॉयडनचा, फायनान्समधला. एडिनबराची फेरी झाली, देवयानी जिंकली. बुधवारी संध्याकाळी श्यामलाबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि कडीला लाल नाडा बांधून लाखेचं सील लावलं. यंदा पहिल्यांदाच डबा ब्रिस्टलला त्यांनी न्यायचा होता. पण सील लावण्याआधी त्यांचा हात सवयीनं मसाल्याच्या कपाटाकडे गेला. दुसऱ्याच्या घरी डबा रिकामा कसा पाठवायचा? त्यांनी शुभाचं म्हणून एक हळकुंड आत ठेवलं. त्यांच्या मनात मत नव्हतं. डबा होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. या देशात मतदान गुरुवारी होतं, म्हणून मंडळानंही गुरुवारच धरला होता. आणि गुरुवारी श्यामलाबाईंचं मौन असतं. यजमानांच्या ऑपरेशनच्या वेळी घेतलेला नेम, एकोणीस वर्षं अखंड. दिवेलागण झाली की सोडायचं. जूनमध्ये इथली दिवेलागण रात्री दहाच्या सुमाराला होते, तरी त्यांनी कधी पळवाट काढली नाही. त्यांनी मला ब्रिस्टलची फेरी सांभाळणाऱ्या मंजिरीच्या हातात दिलं ते मुक्यानंच. मंजिरीनं हलवून पाहिलं, आत खुडखुडलं.

"कडी लूज झालीय वाटतं," ती म्हणाली. "सील ओके आहे. चला, स्टार्ट करू या."

तीस माणसांनी मतं टाकली. पाच वाजता मला ताटात उपडं केलं. सुपाऱ्या पंधरा. हळकुंडं सोळा.

"तिसाची एकतीस!" विनय ओरडला. "वा रे एडिनबरा! तुमच्या डब्यात हळद उगवते का?"

"तोंड सांभाळून बोल," देवयानी म्हणाली. "तुमच्या क्रॉयडनला एकेक माणूस तीनदा आत जातो, ते आम्ही कधी काढलं?"

"सील कुणाचं? एडिनबराचं. एक्स्ट्रा कुणाचं? एडिनबराचं. सिंपल आहे. चीटिंग आहे ही, आणि ती या देवयानीची आहे."

"विनय, प्लीज, हॉलमध्ये मुलं आहेत," मंजिरी म्हणाली.

"मग बघू देत ना त्यांना डॉक्टरीणबाई कशा जिंकतात!"

 देवयानी श्यामलाबाईंपुढे येऊन बसली. "मावशी, डबा तुमच्या हातून आलाय. तुम्हीच सांगा ना यांना. आत काही नव्हतं ना?"

श्यामलाबाईंनी ताटाकडे पाहिलं. सोळांतलं एक हळकुंड त्यांच्याच घरचं होतं, टोक मोडलेलं. त्यांनी ते ओळखलं, हे मला कळलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान खाली घातली. कागद मागून लिहिता आलं असतं. त्यांनी कागद मागितला नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. नेम देवासाठी घेतला होता, पदराआड लपायला नाही.

"बघा," विनय म्हणाला. "काकूंनासुद्धा खोटं बोलवत नाहीये."

देवयानी उठून बाहेर गेली. निर्णय पुढच्या गुरुवारवर गेला. दुपारी क्रॉयडनला सभा घ्यायची आणि खुलासा झाला नाही तर देवयानीचं नाव उमेदवारीतून कायमचं खोडायचं. मंजिरीनं मला श्यामलाबाईंच्या हातात दिलं.

"क्रॉयडनला आम्ही कार्डबोर्डचा बॉक्स वापरू," ती म्हणाली.

तिनं मला रिकामा परत केला. साधे साखरेचे चार दाणेही नाहीत. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं.

त्या रात्री दिवा लागला, मौन सुटलं, आणि तरी श्यामलाबाई बोलल्या नाहीत. आठवडाभर देवयानीला त्यांनी फोन केला नाही. खरं सांगितलं तर पंधरा-पंधरा होणार, तिची जीत जाणार. नाही सांगितलं तर तिचं नाव जाणार. शिवाय सांगायचं ते गुरुवारी, भर दुपारी, मौनात. रोज देवापुढे बसून त्या हेच घोळवत होत्या.

मित्रांनो, डबे घासा, जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. गावं आपापल्याच माणसाला मत देतात, देऊ देत. पण तुमच्या हातानं आत काय गेलं ते तुम्ही सांगत नाही, आणि बदनाम दुसराच होतो. तेवढं टाळा.

आज गुरुवार. पहाटे श्यामलाबाईंनी पूजा केली. मला पुसलं, आत एक हळकुंड ठेवलं, या वेळी सील न लावता. मग देवाला हात जोडले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गुरुवारी मी त्यांचा आवाज ऐकला. घोगरा होता, घाबरलेला होता.

"आत हळकुंड आहे," त्या म्हणाल्या. "मी ठेवलंय."

एकदा म्हणाल्या, मग पुन्हा एकदा, लहान मुलीनं धडा पाठ करावा तशा. नंतर मला पिशवीत घातलं, चपला सरकवल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि क्रॉयडनची गाडी गाठायला निघाल्या.