शंकेचा आकडा

मंद्रूपच्या आठवडी बाजारात कुणी मुलींची चौकशी केली, की महिपती हातातली पिशवी खाली ठेवून बोलायला लागत. "धाकटी समुद्रावर असती की. गोव्याच्या संस्थेत हाय. मोठ्या जहाजावरनं पान्यात यंत्रं सोडती."

समोरचा "व्हय?" म्हणून डोळे मोठे करी. मग विचारी, "आन थोरली?"

"थोरली हितंच. सोलापुरात, कॉलेजात." एवढं बोलून ते पिशवी उचलत.

थोरल्या वैजयंतीने हे आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी उभं राहून ऐकलं होतं, मेथीची जुडी हातात धरून. आबांच्या मनात तिच्याविषयी कमी काही नव्हतं, हे तिला कळत होतं. पण पिशवी खाली ठेवण्याइतकं तिच्याविषयी सांगण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं, आणि तेच तिला लागायचं.

खरं तर थोरलीही समुद्राचंच काम करत होती. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात ती अरबी समुद्रातल्या प्रवाहांचं मॉडेल चालवायची. वारा किती, ऊन किती, पाणी कुठे गोडं नि कुठे खारट, हे सगळं दिलं की संगणक गणितं सोडवत जायचा आणि समुद्र कुठे कसा वाहील ते दाखवायचा. तो मोठा संगणक गोव्याच्या संस्थेत. ही सोलापुरात, विजापूर रोडवरच्या घरात बसून त्याला काम सांगायची. आबांनी एकदा बाजारात प्रयत्न केला होता. "संगनकात समुद्र तयार करती," म्हणाले. ऐकणारा हसला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

आणि जहाजावर आधी गेली होती ती वैजयंतीच. पीएच.डी. करताना तिची निवड झाली होती. बंदर दिसेनासं व्हायच्या आतच तिला गरगरायला लागलं, आणि पुढे पाण्याचा घोटही पोटात ठरेना. शेवटी तिला एका लहान बंदरावर उतरवावं लागलं. कानातला तोल सांभाळणारा भागच कमजोर आहे, असं डॉक्टर म्हणाले. तो रस्ता बंद झाला. काही वर्षांनी धाकटीचा, संस्कृतीचा, फोन आला, "अक्का, जहाजावरची जागा निघालीय. अर्ज करू का?" वैजयंतीनेच तिचा अर्ज दोनदा तपासून दिला. पुढे एकदा संस्कृतीने वादळी समुद्रातून व्हिडिओ पाठवला. मागे टेबल तिरकं होतंय, माणसं कठड्याला धरून उभी आहेत, आणि ही मजेत कडक भाकरी नि शेंगांची चटणी खातेय. वैजयंतीने "छान" असं लिहिलं आणि मोबाइल उपडा ठेवला.

दोघींना एका प्रकल्पात आणलं ते संस्थेतल्या वेणीमाधव सरांनी. पावसाळा संपला की पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे एक प्रवाह वाहतो. तो गेल्या काही वर्षांत बदलतोय का, हे शोधायचं होतं. संस्कृतीने समुद्रात सोडलेले फ्लोट, म्हणजे नळकांड्यासारखी यंत्रं, खोल बुडी मारत, वर येताना पाण्याचं तापमान आणि क्षार मोजत आणि ती माहिती उपग्रहाकडे पाठवत. पण फ्लोट जिथे असेल तिथलंच सांगणार. मधला सगळा समुद्र मॉडेलने भरून काढायचा, आणि मॉडेल भरकटलं की फ्लोटच्या नोंदींनी त्याला जागेवर आणायचं. म्हणजे दोघींची कामं एकत्र केल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं.

दिवाळीनंतर संस्कृतीचा फोन आला. "अक्का, तुझ्या मॉडेलमध्ये प्रवाह किनाऱ्याला चिकटून चाललाय. माझे फ्लोट सांगतायत, तो बाहेर सरकलाय."

"क्षार मोजणारे सेन्सर बिघडतात गं कधी कधी."

"सगळ्यांचे एकदम?"

"बघते," म्हणून वैजयंतीने फोन ठेवला. हे मॉडेल तिने कित्येक वर्षं घासूनपुसून उभं केलं होतं. त्यात प्रवाह हलला नव्हता. आणि आता जहाजावर मजेत भाकरी खाणारी पोरगी चार यंत्रं पाण्यात टाकून सांगत होती, की तुझा समुद्र चुकलाय.

नोंदी मॉडेलमध्ये घालताना प्रत्येक नोंदीपुढे एक आकडा द्यावा लागतो. ही नोंद किती चुकू शकते, त्याचा. आकडा लहान असला तर संगणक नोंदीवर विश्वास ठेवतो. मोठा असला तर तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. संस्कृतीच्या फ्लोटपुढे वैजयंतीने नेहमीच्या कितीतरी पट मोठा आकडा घातला. नवे फ्लोट आहेत, पूर्ण तपासलेले नाहीत, असं तिने स्वतःला सांगितलं. त्यात थोडं तथ्य होतं, म्हणून हात अडखळला नाही.

निकाल आला. प्रवाह जिथल्या तिथे. तिने तो बहिणीला पाठवला.

"तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," संस्कृती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "माझं चेन्नईला भाषण आहे. त्यातनं तो भाग काढून टाकते."

"टाक," वैजयंती म्हणाली.

रविवारी ती मंद्रूपला गेली. आई, बजाबाई, भाकरी थापत होत्या. "संस्कीचा आवाज लई पडल्याला वाटला गं फोनवर. काय झालंय?"

"काही नाही. कामात जरा चुकलं तिचं."

"चुकली व्हय?" बजाबाईंचा हात थांबला. "तू घे की सांभाळून. तुला समदं कळतंय त्यातलं."

हे वाक्य वैजयंतीला फार आवडलं. परतीच्या एसटीत ती ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्या आठवड्यात वेणीमाधव सरांनी फोनवर सहज विचारलं, "मॅडम, उपग्रहाने मोजलेली पाण्याची उंची आपण पडताळणीसाठी मुद्दाम बाजूला ठेवली होती. तिच्याशी ताडून बघितलंत ना?"

"बघते सर," ती म्हणाली. तिने बघितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली, तेव्हा तिने निकाल पडद्यावर घेतला. समुद्राचं पाणी सगळीकडे सारख्या उंचीवर नसतं, आणि त्या चढउतारावरून प्रवाह कुठून जातोय ते कळतं. तिच्या निकालातली उंची उपग्रहाने मोजलेल्या उंचीशी कुठेच जुळत नव्हती. तिने वाऱ्याची माहिती बदलून पाहिली. तरी जुळेना. मग तिने फ्लोटपुढचे आकडे नेहमीसारखे करून संगणकाला काम दिलं आणि वर्गावर गेली. पोरांना काय शिकवलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

परत येऊन बघते तर दोन्ही उंच्या जवळजवळ एकमेकींवर बसल्या होत्या. प्रवाह बाहेर सरकलेला होता. आणि तो का सरकला, तेही दिसत होतं. लक्षद्वीपच्या बाजूने एक भलामोठा भोवरा आला होता आणि त्याने प्रवाहाला किनाऱ्यापासून दूर ओढलं होतं. संस्कृतीच्या फ्लोटना तो दिसणं शक्य नव्हतं, ते त्याच्या कडेला विखुरलेले होते. एकट्या मॉडेललाही तो सापडला नव्हता. दोन्ही नीट एकत्र आल्यावर तो पडद्यावर उगवला होता, गोल, संथ फिरणारा.

पहिला निकाल तसाच ठेवला असता तर कुणी तिला काही म्हटलं नसतं. आकड्याला कारण देता आलं असतं. वैजयंतीने हे सगळं मनात मांडून पाहिलं. पण तो भोवरा सापडल्याचा आनंद समजू शकेल असं सबंध ओळखीत एकच माणूस होतं. तिने फोन लावला.

आधी ती भोवऱ्याविषयीच बोलली, घाईघाईने. संस्कृती मध्येच म्हणाली, "थांब. मग आधी का नाही दिसला?"

"मी तुझ्या फ्लोटपुढे मोठा आकडा घातला होता. फार मोठा."

"मुद्दाम?"

"व्हय."

"का?"

"आबा बाजारात तुझंच नाव काढतात," वैजयंती म्हणाली. मनात इतकी वर्षं केवढं तरी मोठं वाटणारं ते कारण तोंडातून बाहेर पडताच एवढंसं झालं.

मग संस्कृती म्हणाली, "अक्का, माझं भाषण काल झालं. एकाने विचारलं, तुमचे फ्लोट काय सांगतायत? मी सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या फ्लोटवर विश्वास ठेवता येणार नाही. माझ्या बहिणीने तपासलंय." आणि तिने फोन ठेवला.

वैजयंतीने त्याच दिवशी वेणीमाधव सरांना कळवलं, की पहिला निकाल चुकीचा आहे, आकडे तिने अवास्तव ठेवले होते आणि फ्लोटचा काही दोष नाही. सरांनी दोनच ओळींचं कोरडं उत्तर दिलं. संस्कृतीने मात्र तिचा फोन घेणं बंद केलं. आईला दोघींमध्ये काय झालंय ते कळेना, आणि दोघींपैकी एकीनेही तिला सांगितलं नाही.

जानेवारीत एका दुपारी दार वाजलं. संस्कृती लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून उभी होती. मंद्रूपला न जाता थेट इथेच आली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "आपल्या शोधनिबंधावर माझंही नाव जाणार आहे. प्रत्येक आकडा मला दाखव. का दिला ते सांग. नुसत्या तुझ्या शब्दावर आता मी सही करणार नाही."

"बरोबर आहे," वैजयंती म्हणाली.

दोघी टेबलाशी बसल्या. वैजयंती एकेक आकडा उघडून दाखवत गेली, संस्कृती विचारत गेली. आधी साधे प्रश्न होते. चहा झाला, दुपार कलली, आणि प्रश्न अवघड व्हायला लागले. "किनाऱ्याजवळचा समुद्राचा तळ तू पायऱ्या-पायऱ्यांचा धरलायस," संस्कृती म्हणाली. "खरा तळ उताराचा आहे. भोवरा किनाऱ्यापासून किती लांब राहील, ते त्याच्यामुळे बदलत नसेल?"

वैजयंतीने पडद्याकडे बघितलं. प्रश्न चांगला होता. तिला स्वतःला तो आधी सुचायला हवा होता. आणि तीच जुनी कळ पुन्हा आली, बाजारात मेथीची जुडी धरून उभी असताना आली होती तशीच.

या वेळी ती गप्प बसली नाही. "जहाज तर तुझंच आहे," ती म्हणाली. "आता हे मॉडेलपण घेणार का तू?"

संस्कृतीने तिच्याकडे टक लावून बघितलं. ती हसली नाही, पण चिडलीही नाही. "घेणार," ती म्हणाली. "तू शिकवलंस तर."

वैजयंतीने खुर्ची बाजूला सरकवून तिला कीबोर्डपाशी जागा करून दिली. ते करताना तिला बरं वाटलं असं नाही. पण तळाचा उतार कुठे बदलायचा, ते तिने बोट ठेवून दाखवलं, आणि संस्कृतीने पहिला आकडा चुकीच्या जागी घातला तेव्हा तिनेच तिला थांबवून तो योग्य जागी घालायला लावला.